जिल्ह्याचा नॉर्मल

शर्टाची डावी बाही कोपराच्या वर सारायची, आतल्या शिरेवर दोन बोटं आपटायची आणि समोरच्याला सांगायचं, "गोंदिया जिल्ह्याचा नॉर्मल इथं आहे. पाहून घ्या."

समोरचा कोणीही असो. औषध कंपनीचा माणूस, बायकोचा रिपोर्ट न्यायला आलेला तलाठी, चहावाला, एकदा तर जिना चुकून लॅबमध्ये शिरलेला लग्नाचा बँडवाला. भाऊंनी ती शीर सगळ्यांना दाखवली होती. बँडवाल्याने तिला हात जोडल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही कधी थायरॉईडची तपासणी केली असेल तर रिपोर्टवर तुमच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे असतात. इथपासून इथपर्यंत नॉर्मल. आपला आकडा त्यांच्यामध्ये बसला की आपण खूश होऊन समोसा खायला जातो. पण आज मशीन खरं बोलतंय का, हे लॅबला आधी बघावं लागतं. त्यासाठी ज्याचा आकडा पक्का माहीत आहे असं रक्त पेशंटच्या रक्तासोबत रोज लावतात. त्याला कंट्रोल म्हणतात. तो ठरलेल्या ठिकाणी आला तर त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट खरे, नाही तर सगळे बाद. किटसोबत कंपनीचा कंट्रोल येतोच, पण आमच्याकडे त्याच्याही वर भाऊ होते.

लॅब गोंदियाच्या बाजारात, खाली तांदळाचा ठोक व्यापारी आणि वर आम्ही. जिन्यात सदैव कोंड्याचा वास. मालक डॉक्टर गोंदियातच वाढलेले, हिंदी बोलणारे, इतके मवाळ की पेशंटला सुई टोचण्याआधी स्वतःच डोळे मिटायचे. नागपूरहून कोर्स करून मी तिथे लागले तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला थायरॉईडच्या बेंचकडे नेलं आणि हळूच म्हणाले, "ये भाऊ हैं. इनसे सीख लो. बहस मत करना."

भाऊ दवनीवाड्याचे. नागपूरच्या एका मोठ्या लॅबमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, तीही किरणोत्सारी आयोडीनच्या नळ्यांवर. वडील थकले, धानाची शेती बघायला कोणी उरलं नाही म्हणून गावी परतले आणि रोज स्कूटरवर गोंदियाला येऊ लागले. पण मन नागपुरातच राहिलं होतं. तिथे शिशाच्या डब्यातून किट यायच्या, आमच्याकडे पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

"ही काय लॅब आहे का?" ते मला म्हणाले. "इथं पाण्याचा रंग पाहून रिपोर्ट देतेत. रंग पाहून सांगनं म्हणजे बांगड्या विकनं झालं."

शिकवायचे मात्र छान. मला जे पुस्तकातून दोन वर्षांत समजलं नव्हतं ते त्यांनी एका दुपारी समजावलं. "समज, पंगत बसून राहिली. पाट ठरलेले आहेत, वाढवता येत नाही. पेशंटच्या रगतातला हार्मोन म्हणजे गावचे लोक. आपन आपले काही पाहुने टोप्या घालून त्याईच्यात सोडतो. दोघंही पाटासाठी धावतेत. गावचे लोक जास्त असले तर टोपीवाल्याले जागा भेटत नाही. कमी असले तर टोपीवालेच बसतेत. शेवटी उभ्या लोकाईले बाहेर काढून टाकायचं आनि बसलेल्याईच्या टोप्या मोजायच्या. टोप्या कमी, म्हणजे हार्मोन जास्त. झालं."

"आणि टोपी म्हणजे?"

"नागपूरले टोपीत आयोडीन राहे. किरणं निघत, मशीन मोजे. इथं टोपीत एन्झाइम आहे, तो पान्याले रंग देते. तिकडं मिलिटरीची टोपी होती, इकडं वरातीतला फेटा." एवढं बोलून ते वरातीतल्या फेट्याकडे पाहावं तसं माझ्या बारीक खड्ड्यांच्या प्लेटकडे पाहायचे.

किरणांच्या लॅबमध्ये काम करणारे छातीला एक बिल्ला लावतात. आत फिल्मचा तुकडा असतो, अंगाला किती किरणं लागली ते त्यावरून कळतं. नागपूर सोडताना भाऊंनी फिल्म परत केली आणि एक रिकामा बिल्ला ठेवून घेतला. गोंदियात किरणांचा पत्ता नव्हता तरी तो रोज खिशावर असायचा. त्यामुळे लोक त्यांना रेल्वेचा, नाही तर वीज मंडळाचा मोठा माणूस समजत. एकदा आम्ही सगळे इटियाडोहला सहलीला गेलो. धरणावरच्या चौकीदाराने बिल्ला पाहिला, लगबगीने खुर्ची आणली, चहा सांगितला. भाऊंनी काही खुलासा केला नाही. चहा पिऊन उठले, भिंतीवरून थोडं चालले, पाण्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि चौकीदाराला म्हणाले, "ठीक आहे." तो बिचारा समाधानाने सलाम करून गेला.

त्यांचा आत्मविश्वास सगळा असाच होता. वीज गेली की आमचं इनक्युबेटर थंड पडायचं. प्लेट सदतीस डिग्रीला ठेवावी लागते आणि त्या काळी वीज जाण्याला काही धरबंध नव्हता. एका हिवाळ्यात मी घाबरून डॉक्टरांना बोलवायला गेले. परत येऊन पाहते तो भाऊ खुर्चीत ताठ बसलेले आणि त्यांचं पोट चौकोनी. प्लेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी शर्टाच्या आत घातली होती.

"भाऊ, ये क्या?" डॉक्टर म्हणाले.

"सदतीस डिग्री म्हणजे कोन? मीच ना? हालवू नोका मले."

डॉक्टर दार हळू ओढून निघून गेले. ती प्लेट त्यांनी नंतर गुपचूप बाद करायला सांगितली, हे भाऊंना कधी कळलं नाही. भाऊ शेवटपर्यंत त्या प्लेटचे दाखले देत राहिले.

तर अशा माणसाला स्वतःचं रक्त कंट्रोल म्हणून लावावंसं वाटलं, यात नवल नाही. कंपनीचा कंट्रोल जेमतेम पुरायचा. आपला एक असावा म्हणून डॉक्टरांनी सुचवलं की चारपाच धडधाकट लोकांचं रक्त एकत्र करू. पद्धत तीच आहे. भाऊंना ते पटलं नाही. "खिचडी कायले? एक मानूस आहे ना चांगला." तो चांगला माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी स्वतःचं रक्त काढून घेतलं, वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, छोट्या छोट्या नळ्यांत भरलं, लाल शाईने प्रत्येकीवर 'नॉर्मल' लिहिलं आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. रोज एक नळी काढायची आणि प्लेटच्या पहिल्या रांगेत लावायची. संपल्या की पुन्हा हात पुढे. आणि खरं सांगायचं तर आकडा दर वेळी तिथल्या तिथे यायचा. डॉक्टरही मग काही बोलले नाहीत.

या नेमणुकीने भाऊ बदलले. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, सोडला. बायकोने वर्षानुवर्षं रडून जे झालं नव्हतं ते एका लाल शाईच्या नळीने केलं. रक्त काढायच्या आधी आठवडाभर पत्ताकोबी खायची नाही, कारण ती थायरॉईडला बरी नाही असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सासऱ्यांच्या तेरवीला रात्री थांबायला नाही म्हणाले. "मी जागलो तर जिल्हा हालते." त्यांची बायको, आमच्या वहिनी, धानाच्या वेळी एकदा लॅबमध्ये आल्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, तुमचे हे म्हणजे जिल्ह्याचा नॉर्मल. त्या म्हणाल्या, "असंन बापा. सगळा नॉर्मल इथंच देऊन टाकतेत. घरी काही घेऊन येत नाहीत."

एकदा कंपनीचा इंजिनियर मशीन तपासायला आला. भाऊंनी त्याला कंपनीच्या कंट्रोलची बाटली दाखवली.

"हा कोनाचा आहे?"

"सर, ह्यूमन सीरम आहे."

"ते समजलं. कोनाचं? गाव कोनतं?"

"सर, तसं नसतं. बरेच डोनर असतात."

"म्हणजे नाव नाही, गाव नाही, तो खातो काय माहीत नाही. आनि तो मले सांगणार आज माझी मशीन बरोबर आहे का चूक?" भाऊंनी बाही वर सारली. इंजिनियर घाबरून एक पाऊल मागे सरला. त्याला वाटलं, मारतात.

पुढे एका उन्हाळ्यात भाऊ भलतेच जोरात आले. सकाळी तर्रीपोहे दोन प्लेट, अकराला समोसे, डबा संपवून माझ्या डब्यात हात. एवढं खाऊन वाळत चाललेले. पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली आणि ती सगळ्यांना शिरेसारखी दाखवली. "वजन उतरून राहिलं. लोक याच्यासाठी मरमर करतेत." पंखा पाचवर असताना शर्ट भिजलेला. आवाज आधीच मोठा, तो आता खाली तांदळाच्या दुकानात ऐकू जायचा. पिपेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची दांडी, हातात घेतली की तिचं टोक प्लेटच्या कडेवर टिकटिक वाजायचं. "पिपेटचं स्प्रिंग गेलं," ते म्हणायचे. डोळे असे मोठे झाले होते की वहिनी म्हणाल्या, नुसते पाहतेत तरी मले भेव लागते.

हे वाचून तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. थायरॉईड वाढलेला पेशंट जिना चढतानाच ओळखणारी आम्ही माणसं. पण भाऊ पेशंट नव्हते. ते नॉर्मल होते, तसं नळीवर लिहिलं होतं.

नळ्या संपत आल्या तशा भाऊंनी नव्या भरून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पहिली नवी नळी लावली आणि प्लेट वाचली. कंपनीचे दोन्ही कंट्रोल जागेवर. भाऊंचा टीएसएच, म्हणजे थायरॉईड उधळली की जो खाली पडतो तो हार्मोन, जवळपास शून्य.

"प्लेट बाद," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा बाद. भाऊंनी व्होल्टेजला धरलं, स्टॅबिलायझर बदलायला लावला. मग धुण्याच्या पाण्याला धरलं. मग नागपूरहून किट आणणाऱ्या बसला, ती उन्हात उभी राहते म्हणून. मग मला. "बाई, तू हातानं काम करून राहिली का मनानं?" मला तेव्हा चौथा महिना होता आणि मन खरंच थाऱ्यावर नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. पण तिसऱ्या दिवशी न राहवून बोललेच. "भाऊ, कंपनीचे कंट्रोल तर बरोबर येऊन राहिले."

"ते बाहेरचे आहेत. त्याईले इथलं काय माहीत?"

रिपोर्ट अडकले. जिन्यात गर्दी होऊ लागली. सडक अर्जुनीचा एक ढाबेवाला पोटुशा बायकोच्या रिपोर्टसाठी तिसऱ्यांदा आला. आकडा कळल्याशिवाय तिचे डॉक्टर गोळी सुरू करत नव्हते.

"प्लेट बाद झाली," भाऊ म्हणाले.

"मंग दुसरी मांडा. आमच्या ढाब्यावर ताट सांडलं तर आमी गिऱ्हाइकाले उद्या या म्हणत नाही."

भाऊ त्याच्यावर ओरडले. तोही ओरडला. मध्ये डॉक्टर आले आणि ज्या माणसाने आजवर कोणाला मोठ्याने हाक मारली नव्हती तो म्हणाला, "भाऊ, बस. कल तक नहीं हुआ तो सब सॅम्पल नागपूर जाएँगे. ये बेंच बंद."

बेंच बंद म्हणजे लघवी-साखरेच्या टेबलावर जाऊन बसणं. किंवा दवनीवाडा. भाऊ स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभे राहिले. ती किल्लीही वाजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या आधी आलेले. डीप फ्रीजरच्या तळाशी, बर्फात चिकटलेली, आधीच्या खेपेची एक नळी त्यांना सापडली होती. चेहरा खुललेला. "आता कंपनीले पकडतो," ते म्हणाले. "जुना नॉर्मल आनि नवा नॉर्मल, दोघं एकाच प्लेटवर. मानूस एकच. जुनाही शून्य आला तर किट खराब. लेखी देतो मंग मी त्याईले."

जुना शून्य आला नाही तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी पिपेट उचलली, टोक प्लेटवर वाजलं. त्यांनी ती माझ्याकडे दिली. "तू मार. हिचं स्प्रिंग खराब आहे."

मी मारली. स्प्रिंग चांगलं होतं.

टीएसएचचा हिशेब पंगतीसारखा नसतो, सरळ असतो. रक्तात जेवढा जास्त तेवढा रंग गडद. जुनी नळी दोन खड्ड्यांत, शेजारच्या दोन खड्ड्यांत नवी. भिजवणं, धुणं सगळं नेहमीसारखं. शेवटी रंगाचं पाणी घातलं आणि आम्ही दोघं प्लेटवर वाकलो. आजूबाजूच्या खड्ड्यांत निळं उतरू लागलं. जुन्या नळीच्या दोन्ही खड्ड्यांतही उतरलं. मी ॲसिड घातलं, निळ्याचं पिवळं झालं. जुन्या नळीचे खड्डे फिक्या हळदीचे. नवीचे दोन्ही, पाणी.

मशीनमध्ये घालायची गरजच नव्हती. भाऊ रंग पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि मला तेव्हा एकदम सगळं दिसलं, डोळे, गळ्याखालची सूज, भिजलेली कॉलर. या माणसाच्या अंगात महिनोन्महिने आग लागली होती आणि आम्ही स्टॅबिलायझर बदलत होतो.

"लॉट खराब आहे," भाऊ म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पण किटचा नाही."

मी "भाऊ" एवढंच म्हणाले असेन.

"किट पहिल्या दिवसापासून खरं बोलून राहिली. रिपोर्ट सोड सगळे. ढाबेवाल्याले पहिले फोन लाव." मग त्यांनी डावी बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं. लावायला वेळ लागला. मी मदत केली नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

डॉक्टरांनी नाडी धरली आणि त्यांचाच चेहरा उतरला. "भाऊ, दिल घोड़े जैसा भाग रहा है. और बीच में ठोकर भी खा रहा है." आणखी काही दिवस असेच गेले असते तर काय झालं असतं, ते त्यांनी भाऊंना साध्या शब्दांत सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ते ठीक आहे. मी परत नॉर्मल होतो का, ते सांगा."

"अच्छे हो जाओगे."

"चांगलं नाही म्हणत मी. नॉर्मल. नळीवर लिहिता येईन असा."

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी गोळ्यांनी हृदय सावरलं आणि मग सांगितलं, किरणोत्सारी आयोडीन प्यावं लागेल. ते थायरॉईडच्या ग्रंथीत जाऊन बसतं आणि आतून तिला आवरतं. दुसरा कोणी हादरला असता. भाऊंनी मला आनंदाने फोन केला. "नळ्याईत भरत होतो ना मी, त्याचाच मोठा भाऊ आहे हा. शिशाच्या डब्यात आला. मी त्याईले सांगितलं, झाकन नीट लावत जा. एन्झाइमच्या हातानं बरं व्हायची वेळ नाही आली आपल्यावर."

आयोडीन घेतल्यावर काही दिवस पोरंसोरं आणि पोटुशा बायकांपासून लांब राहायचं असतं. ते दिवस संपले तेव्हा एका सकाळी खालून हाक आली. मी गॅलरीत गेले. भाऊ रस्त्याच्या पलीकडे, भांड्यांच्या दुकानासमोर उभे.

"वर या ना, भाऊ."

"तू आहे ना तिथं. नाही येत."

"डॉक्टरांनी सांगितलेले दिवस झाले."

"डॉक्टरचं त्याईच्याजवळ राहू दे. मंधी जाय तू, गॅलरीत कायले उभी राहिली?"

ज्या माणसाने नागपुरात त्या नळ्या उघड्या हाताने उचलल्याच्या बढाया मारल्या होत्या तो माझ्यासाठी बाजाराचा अख्खा रस्ता मध्ये सोडून उभा राहायचा. आठवड्यातून एकदा तरी यायचा. आमचं बोलणं ट्रक आणि सायकलरिक्षांच्या डोक्यावरून चालायचं. स्टॅंडर्डचा रंग कसा आला, धुणं बरोबर होतं का, जेवते का नाही. चहावाला मधल्यामध्ये त्यांचा कप पोहोचवायचा आणि आमचे अर्धवट ऐकलेले निरोपही. बाजारात सगळ्यांना माझे सगळे महिने माहीत झाले होते.

दरम्यान बेंचला नवा नॉर्मल हवा होता. डॉक्टरांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांचाही टीएसएच बिघडलेला निघाला आणि त्यांनी कबूल केलं की ते गोळी घेतात, पण भाऊंसमोर बोलायची सोय नव्हती. मी तर त्या दिवसांत कंट्रोल म्हणून बादच. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या, "माझ्या रगतावर अख्खा जिल्हा कायले टांगता?" शेवटी कंपनीच्याच कंट्रोलवर भागवलं. पहिल्या रांगेतली भाऊंची जागा मी रिकामी सोडत असे. कोणी सांगितलं नव्हतं.

आयोडीनने काम जरा जास्तच चोख केलं. आग विझली आणि चूलही विझली. भाऊ सुजले, मंद झाले. पलीकडून हाक मारायचे ती इकडे पोहोचेना. मग रोज सकाळी गोळी सुरू झाली. मात्रा वाढव, कमी कर, पुन्हा रक्त. ते द्यायला वर यावंच लागायचं, तेव्हा आधी चहावाल्याला पाठवून मी नाही याची खात्री करून घ्यायचे. मुलगी झाल्यावर मी काही महिने घरीच होते, त्यामुळे त्यांची सोय झाली. मुलीला पाहायला आले तेव्हा अंगणातूनच पाहिलं. हात पाठीमागे बांधलेले. वहिनींनी तिला घेतलं, खेळवलं. भाऊ म्हणाले, "दिसून राहिली इथूनच."

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. थायरॉईडने नाही, हृदयानेच नेलं, त्या उन्हाळ्यात त्याची जी ओढाताण झाली होती ती त्याने लक्षात ठेवली असावी. बेंच आता नाही. भिंतीएवढं मशीन आहे, त्यात रंगही नाही, ते उजेड मोजतं आणि आम्हाला काही विचारत नाही. कंट्रोल बाटलीतून येतो, रोज जागेवर बसतो. त्याच्याशी भांडायला जागाच नाही. अशा वेळी मला भाऊंची आठवण येते. सरळच सांगते, फार येते.

सगळ्यात जास्त आठवतो तो मी कामावर परतल्यानंतरचा एक दिवस. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून मुलगी माझ्याबरोबर लॅबमध्ये. सकाळच्या प्लेटवर भाऊंची नळी होती, आता पेशंटच्या रांगेत. आकडा आला तो मी दोनदा वाचला. पूर्वी जिथे यायचा तिथेच, अगदी त्याच जागी. मी गॅलरीतून पलीकडे उभ्या भाऊंना हाक मारली आणि ते जिना चढून वर आले. आयोडीननंतर, मी असताना पहिल्यांदाच.

ते पेशंटच्या बाकावर टेकले. मी रिपोर्ट दिला. त्यांनी तो पाहिला, उलटा करून मागचा कोरा भाग पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"भाऊ, नवीन नळ्या भरू? लाल पेन आहे माझ्याजवळ."

याच एका वाक्यासाठी ते इतके महिने झुरले होते. त्यांनी हात पुढे केला नाही. "नोको," म्हणाले. "हा गोळीचा आकडा आहे. गोळी सोडली तर हा टिकत नाही. जिल्ह्याले असा नॉर्मल द्यायचा का?"

मुलगी माझ्या कडेवर होती. भाऊ बाकावर मागे सरकले, सवयीने.

"भाऊ, आयोडीन केव्हाच संपलं."

"मले माहीत आहे. मीच शिकवलं ना तुले."

"मग आजवर लांब काऊन?"

त्यांनी रिपोर्टची घडी घातली, खिशात ठेवली. "म्हटलं, पहिले आकडा येऊ दे."

मी मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं. भाऊ दोन्ही हातांनी तिला धरून ताठ बसले, श्वाससुद्धा घेत नव्हते.

"रडते वो हे. घे."

मी घेतलं नाही. आत प्लेट भिजत होती, धुवायची वेळ झाली होती. मी आत गेले.